पावणेदोन मीटरची भिंत

त्या इमारतीच्या सभेत सगळ्यांचं एकमत होण्याचा प्रसंग आजवर दोनदाच आला होता. एकदा गच्चीवरची टाकी फुटली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा मिलिमीटर उभा राहून "हे काम मी फुकट करतो" असं म्हणाला तेव्हा. टाकीच्या वेळी निदान दहा मिनिटं चर्चा झाली होती. या वेळी तेवढीही झाली नाही.

मिलिमीटर हे काही त्याचं बारशाचं नाव नव्हे. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढल्यावर माणसाच्या डोळ्यांना एक खोड लागते, ती याला जरा जास्तच लागली होती. जिन्यातला सूचनाफलक एका बाजूला चार मिलिमीटर खाली आहे, अशी त्याने एकदा लेखी तक्रार केली होती, तेव्हापासून त्याला हेच नाव पडलं. बायकोसुद्धा माहेरी फोनवर बोलताना "आमचे मिलिमीटर" म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण मनातून सुखावायचा. लोकांना सेंटिमीटर म्हणवून घ्यायचीही लायकी नसते, असं त्याचं मत होतं.

काम होतं लिफ्टचं. इमारत चार मजल्यांची आणि लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर मिलिमीटर, बायको आणि आई. आई एकोणऐंशी वर्षांची, जीभ पंचविशीतली, गुडघे मात्र दोन्ही संपावर. चौदा महिन्यांपूर्वी तिला एक्स-रेसाठी खाली न्यायचं होतं, तेव्हा चार जणांनी खुर्चीत बसवून उतरवली. चौघांनी चार तऱ्हेचे सल्ले एकमेकांना देत, वळणावळणावर "तिरकी करा, तिरकी करा" असं ओरडत. वर परत आल्यावर आईने जाहीर केलं, "यापुढे मी खाली जाणार नाही. मी माणूस आहे, कपाट नाही." आणि ती खरोखरच उतरली नाही. तेव्हापासून खिडकीतून दिसणारं फाटक, अर्धा रस्ता आणि समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा एक कोपरा, एवढंच तिचं जग. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ती पाणी द्यायच्या आधी बातम्या विचारायची. मिलिमीटरला ते बघवत नसे, आणि बघवत नाही हे सांगायचा त्याचा स्वभाव नव्हता.

लिफ्ट लावायची तर परवानगी हवी, आणि परवानगी खात्याने नवा नियम काढला होता. कागदावरचा नकाशा आता चालणार नाही. अख्ख्या इमारतीचं कॉम्प्युटरमध्ये मॉडेल करा. त्यात प्रत्येक भिंत, दार, पायरी खऱ्या मापाने उभी हवी, आणि कुठल्याही भिंतीवर टिचकी मारली की तिने आपली जाडी, उंची आणि कुळ सांगायला हवं. असं मॉडेल करून देणाऱ्या तज्ज्ञाने सांगितलेला आकडा ऐकून सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. शिवाय लिफ्ट बसवायची कुठे हाही वाद होताच. पुढच्या बाजूला बाहेरून लावली तर सगळ्यांच्या बाल्कन्या झाकल्या जाणार. "आधी मॉडेल तर होऊ द्या, मग जागेवरून भांडू," असं ठरलं. भांडायला पुढची तारीख मिळाल्यामुळे सगळे समाधानाने घरी गेले.

आता मिलिमीटरने हे काम अंगावर का घेतलं? आईसाठी, हे तर झालंच. पण आणखी एक काटा होता. त्याच्या ऑफिसात असली मॉडेलं रोज व्हायची, महागड्या विकतच्या प्रोग्रॅमवर. त्याचे तीन परवाने होते आणि ते तीन पोरांच्या नावावर होते. मिलिमीटरकडे संडासांची ड्रॉइंगं यायची. "काका, तुमचं सपाट कामच भारी," असं ती पोरं प्रेमाने म्हणायची. प्रेमाने म्हटलेलं फार लागतं.

पण जगात सज्जन माणसं असतात. कुठकुठल्या देशांत बसलेल्या अशा लोकांनी मिळून फुकटचा एक प्रोग्रॅम केला होता, अगदी त्याच कामाचा. आणि त्याला जोडायला शेकडो फुकटची अ‍ॅड-इन्स. अ‍ॅड-इन म्हणजे मोठ्या यंत्राला लावायचं छोटं अवजार. एक दारांना ओळीने नंबर देतं, एक जिना करतं, एक भिंतीतल्या विटा मोजतं. फुकट म्हटल्यावर माणसाचा तोल सुटतो. पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत मिलिमीटरने एक्केचाळीस अ‍ॅड-इन्स उतरवून घेतली होती.

"अहो, भिंती किती झाल्या?" बायकोने चहा ठेवत विचारलं.

"भिंती सुरू व्हायच्यात. आधी तयारी नको का?"

"एक्केचाळीस अवजारं आणि भिंत शून्य. आमच्या वाचनालयात असे वाचक येतात. कार्ड काढतात, कव्हर घालून नेतात, आणि वाचत नाहीत."

त्याने दुर्लक्ष केलं आणि पहिली भिंत उभी केली. ती जमिनीखाली गेली. दुसरी हवेत राहिली. तिसरी बरोबर जागी उभी राहिली, तेव्हा त्याला इतका आनंद झाला की शोभेसाठी तिच्याशेजारी एक झाड लावावं असं त्याने ठरवलं. झाडांचंही अ‍ॅड-इन होतं, अर्थात फुकट. ते करणारा माणूस मात्र फारच मनस्वी असावा, कारण त्याने त्या झाडाचं प्रत्येक पान वेगळं काढलं होतं, शिरांसकट. एक झाड लावलं आणि कॉम्प्युटर गप्प झाला. पंचेचाळीस मिनिटं त्याचा पंखा घोंघावत राहिला. आई पलंगावरून म्हणाली, "अरे, झाड लावलंस की गिरणी?" शेवटी वायर उपटावी लागली, आणि झाडाबरोबर ती एकुलती भिंतही गेली.

पुढचे तीन आठवडे मापं घेण्यात गेले. संध्याकाळी ऑफिसातून आला की मिलिमीटर टेप, वही आणि कानामागे पेन्सिल लावून एकेका घरात शिरायचा. लोक घर दाखवतात तेव्हा घराची खरी तब्येत कळते. पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. त्यांनी आधी विचारलं, "मापात घर मोठं निघालं तर वर्गणी वाढते का?" नाही म्हटल्यावर, "मग लहान निघालं तर कमी होते का?" दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर टेपचं दुसरं टोक धरायचे आणि दर मापानंतर "पुन्हा एकदा वाच" म्हणायचे. मिलिमीटर वाचायचा. तिसऱ्या मजल्यावर खुद्द सेक्रेटरी. त्यांनी टेपच्या खरेपणावर शंका घेऊन स्वतःची टेप आणली. ती सहा मिलिमीटर खोटी निघाली आणि त्या संध्याकाळी चहा मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र तिन्ही घरांत सारखी होती. जिन्याला लागून असलेल्या कोपऱ्यात एक बंद दार होतं.

"ते राहू द्या हो," मावशी म्हणाल्या, "नुसती जुनी चिंध्यांची पोती आहेत."

"त्याची चावी हरवली आहे," हेडमास्तर म्हणाले. दाराला कुलूप नव्हतं.

"भिंत आहे असं समजा," सेक्रेटरी म्हणाले.

ड्राफ्ट्समनच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. जिथे टेप पोचत नाही, तिथे भरीव दाखवायचं. काळ्या रेघा मारायच्या आणि पुढे जायचं. मिलिमीटरने तेच केलं. एरवी अर्ध्या मिलिमीटरवरून सुताराशी हुज्जत घालणाऱ्या या माणसाने तीन बंद दारांसमोर जरासुद्धा आग्रह धरला नाही, ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. येणारही नव्हती, कारण ज्याला त्याला आपापलं दार झाकायचं होतं.

आणि स्वतःचं घर? ते त्याने मोजलंच नाही. "मला पाठ आहे," म्हणाला. पाठ होतंच. त्याच्या घरातही जिन्याला लागून एक कोपरा होता, तेहतीस चौरस फुटांचा. घर घेतलं त्याच महिन्यात त्याला कळलं होतं की हा कोपरा कागदावर नाही. बिल्डरची चूक, आणि आपल्या फायद्याची! आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीने दाखवणाऱ्या माणसाने ही एक चूक बावीस वर्षं पोटात ठेवली होती. तिथे त्याचं टेबल होतं, दिवा होता, फिरती खुर्ची होती, टोक काढलेल्या पेन्सिलींचा डबा होता. घरात सगळे त्या कोपऱ्याला 'ऑफिस' म्हणत. केर काढताना "पाय वर घ्या" असं कोणी म्हणत नाही, अशी पृथ्वीवरची ती एकच जागा. मॉडेलमध्ये त्याने तिथेही भरीव दाखवलं. काळ्या रेघा मारल्या आणि पुढे गेला. एक रेघ जरा वाकडी गेली, पण त्याने दोष माउसला दिला.

मॉडेल झालं. खात्याला पाठवलं. आठ दिवसांनी खात्यातल्या तपासनीसबाईंचा फोन आला.

"तुमच्या इमारतीत एक भिंत पावणेदोन मीटर जाडीची आहे. बरोबर आहे का?"

"हो... म्हणजे, जुनं बांधकाम आहे."

"किती जुनं? किल्ला आहे का? तोफा कुठल्या मजल्यावर असतात?"

मिलिमीटरची कानशिलं तापली. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या ड्रॉइंगला कोणी हसलं नव्हतं.

"आमच्याकडे फाइल तपासायचं एक साधं अ‍ॅड-इन आहे," बाई पुढे म्हणाल्या, "फुकट आहे, तुम्हीही घ्या. असल्या जागा ते लाल करून दाखवतं. दुरुस्त करून पाठवा."

ते बेचाळिसावं अ‍ॅड-इन. रविवारी सकाळी त्याने ते उतरवलं. त्याबरोबर आणखी एक आलं, पाव कापावा तशी इमारत उभी कापून दाखवणारं. ऑफिसात उजेडाची तिरीप पडद्यावर येत होती, म्हणून कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणला होता. आई पलंगावर बसून बघत होती. त्याने बटण दाबलं. इमारत मधोमध कापली गेली आणि तिच्या पोटात, चौथ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत, एकाखाली एक, एकाच मापाचे चार लालभडक चौकोन उभे राहिले.

"हा खांब कसला रे?" आईने विचारलं.

"काही नाही. तपासणी चाललीये."

"आपलं घर कुठलं यात?"

"हे. सगळ्यात वरचं."

आईने चष्मा लावला, पडद्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या उघड्या दाराकडे बघितलं. "म्हणजे तुझं ऑफिस भरीव आहे? मग तू बावीस वर्षं भिंतीत बसतोयस?"

 मिलिमीटर त्या लाल चौकोनांकडे बघत होता. मावशींची चिंध्यांची पोती. हेडमास्तरांची हरवलेली चावी. सेक्रेटरींची 'समजा' भिंत. आणि त्या सगळ्यांच्या खाली, तळमजल्यावर, बरोबर त्याच जागी, झाडू ठेवायची ती खोली, जिला सगळे पंपाची खोली म्हणत. पंप तिथे कधीच नव्हता. चारही घरांना वाटत होतं की बिल्डर चुकला तो फक्त आपल्याच घरात. आणि बिल्डर चुकला नव्हताच. त्याने लिफ्टसाठी वरपासून खालपर्यंत सरळ जागा सोडली होती. लिफ्ट घ्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा त्याने मजल्यामजल्याला झाकण घातलं आणि तो मोकळा झाला.

कोणाला वाटेल, आता मिलिमीटर आनंदाने नाचला असेल. तो दोन दिवस जेवला नाही नीट. लिफ्टची जागा सापडली होती, पण तीत त्याची खुर्ची होती. शिवाय चूक जाहीर करायची म्हणजे बावीस वर्षांचं मौनही जाहीर करायचं. तेही कोणासमोर, तर ज्यांच्या सूचनाफलकाचे चार मिलिमीटर त्याने माफ केले नव्हते त्यांच्यासमोर! भिंत तीन ठिकाणी चिरून तुकडे केले तर लाल रंग जातो, हे त्याने करूनही पाहिलं. जात होता. फाइल पाठवायची तेवढी राहिली होती.

मंगळवारी संध्याकाळी बायको कामावरून आली, तशी आईने तिला हाक मारली. "अगं, समोरच्या सायकलवाल्याने दुकानाला रंग लावलाय म्हणे. कुठला? मला कोपरा दिसतो तो निळा आहे. बाकीचा पण निळाच आहे का?"

"नाही आई, बाकीचा पिवळा आहे."

"अस्सं," आई म्हणाली. "मी आपलं चार दिवस निळाच धरून बसले होते."

मिलिमीटर उठला. ऑफिसात जाऊन त्याने दार लावून घेतलं, खुर्चीत बसून एकदा सगळीकडे बघितलं, आणि बाहेर येऊन चिरलेली भिंत पुन्हा जोडली. गुरुवारी सभा बोलावली.

सभा त्याच्याच घरात झाली. त्याने कापलेली इमारत पडद्यावर दाखवली आणि लाल चौकोनांवर पट्टी ठेवून तो म्हणाला, "यातला सगळ्यात वरचा माझा. कागदावर नाही, तरी बावीस वर्षं वापरतोय. मला माहीत होतं. मी गप्प बसलो. लाज वाटते. पण आईला खाली जाता यायला हवं, म्हणून मी तो देतोय. बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं." एवढं एका दमात बोलून तो खाली बसला. रिकामी खुर्ची नव्हतीच, म्हणून जमिनीवर बसला.

खोलीत सगळे एकमेकांच्या नजरा चुकवू लागले. मावशी पदराला गाठ मारत बसल्या. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पण पुसायचं विसरले. आणि मग हेडमास्तर उभे राहिले.

"एकतीस वर्षं मी पोरांना खरं बोला म्हणून दम दिला," ते म्हणाले. "चला माझ्याकडे. चावी सापडली."

अख्खी सभा उठून दुसऱ्या मजल्यावर गेली. दार उघडलं. आत फळ्यांवर ओळीने मांडून ठेवलेली, शाळेत पोरांकडून जप्त केलेली एकतीस वर्षांची मालमत्ता होती. भोवरे, गोट्या, गलोली, चेंडू, तोंडाने वाजवायच्या पिपाण्या, एक खोटी मिशी. प्रत्येकावर चिठ्ठी: नाव, इयत्ता, तारीख. "वर्ष संपल्यावर परत द्यायचं ठरवलं होतं," हेडमास्तर पडेल आवाजात म्हणाले, "आणि मग वर्षं संपतच गेली." सेक्रेटरी चिठ्ठ्या वाचता वाचता एकदम थबकले. एका हिरव्या भोवऱ्यावर त्यांचं नाव होतं, इयत्ता सहावी. त्यांनी तो उचलला, खिशात घातला, आणि म्हणाले, "माझ्याकडे या."

त्यांच्या कोपऱ्यात सोसायटीची शिडी निघाली. सहा वर्षांपूर्वी चोरीला गेलेली, जिच्यासाठी खुद्द सेक्रेटरींनी तीन नोटिसा लावल्या होत्या. "आधी मीच ठेवली आणि विसरलो," ते म्हणाले. "सापडली तोवर नोटिसा लागल्या होत्या. मग काढू कशी?" लोक इतके हसले की रागवायचं राहून गेलं. मावशींकडे चिंध्या नव्हत्या. लोकांनी शिवायला टाकून कधीच न नेलेले दोनशेच्या वर कपडे होते, सगळे इस्त्री केलेले. "टाकवत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "एखादा येईल." त्याच संध्याकाळी मिलिमीटरच्या बायकोला सोळा वर्षांपूर्वीचं आपलं एक पोलकं सापडलं. ते आता तिच्या दंडातसुद्धा जाईना. तरी तिने ते छातीशी धरून घरी आणलं.

मॉडेलमध्ये लिफ्ट काढली. आता चव्वेचाळिसावं अ‍ॅड-इन, टकरा शोधणारं. इमारतीतल्या दोन वस्तू एकाच जागी आल्या की ते घंटा वाजवतं. त्याने चालवलं, घंटा वाजली. एक टक्कर: लिफ्ट आणि टेबल. सभेनंतर घर नीट मोजताना त्याने हौसेने आपलं टेबलही काढलं होतं, दिवा आणि पेन्सिलींच्या डब्यासकट. टेबलावर टिचकी मारली की ते लांबी, रुंदी, लाकूड सगळं अदबीने सांगत होतं. तो थोडा वेळ बघत बसला. मग त्याने ते पुसलं. घंटा थांबली. तपासनीसबाईंनी या वेळी फोन केला नाही, मंजुरीच पाठवली. खाली एक ओळ होती: 'अशी स्वच्छ फाइल या वर्षी पहिलीच.' ती त्याने ऑफिसातल्या तीनही पोरांना सहज म्हणून दाखवली, प्रत्येकाला दोनदा.

लिफ्टवाल्या मिस्त्रीने मिलिमीटरच्या कोपऱ्यातली फरशी उचकटली आणि शीळ घातली. खाली स्लॅब नव्हताच. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यावर फरशी, बस्स. "इथे बसायचे कोण?" मिस्त्रीने विचारलं. मिलिमीटर म्हणाला, "पेन्सिली असायच्या."

पाच महिन्यांनी लिफ्ट चालू झाली. भाषण सेक्रेटरींनी केलं आणि लिफ्टने त्यांना मध्येच दोन मजल्यांमध्ये वीस मिनिटं अडकवून ठेवलं, त्यामुळे उरलेलं भाषण आतून झालं. आई मात्र त्या गर्दीत आली नाही. "तुमचं आटपू दे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिमीटर जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसला होता. एका बाजूला ताटल्या, दुसऱ्या बाजूला बायकोच्या पुस्तकांची चळत, आणि खालून केरसुणी. "पाय वर घ्या," बायको म्हणाली. त्याने घेतले. मग ती आतल्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली.

"अहो, आई कुठे आहेत?"

"आतच असेल."

आत नव्हती. न्हाणीघरात नव्हती. पलंगाशेजारची काठी नव्हती. दाराबाहेर लिफ्टचा आकडा शून्यावर होता. मिलिमीटर खाली धावला, लिफ्टची वाट बघायचं न सुचून, चार मजले पायऱ्यांनी. मावशींनी सांगितलं, "मघाशी माझ्याकडे होत्या, मग मास्तरांकडे जाते म्हणाल्या." मास्तर म्हणाले, "फाटकाकडे गेल्या असं वाटतं." फाटकाशी कोणी नव्हतं. त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बायको वरून खिडकीतून ओरडून विचारत होती, "दिसल्या का? कुठे गेल्या?"

"माहीत नाही!" मिलिमीटर खालून ओरडला. आणि हे ओरडताना त्याच्या लक्षात आलं की चौदा महिने आणि वर लिफ्टच्या खटपटीतले महिने, इतक्या दिवसांत आज पहिल्यांदाच आई कुठे आहे हे घरात कोणालाही माहीत नव्हतं. तो फाटकाच्या कट्ट्यावर टेकला, धापा टाकत, आणि एकटाच मोठमोठ्याने हसू लागला.